मठाच्या जागी कारखाना : बेल्जियमच्या उद्योगयुगाची कहाणी

औद्योगिक क्रांती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इंग्लंड उभे राहते. मँचेस्टरच्या गिरण्या, जेम्स वॅटचे इंजिन, स्टीफन्सनची आगगाडी हे चित्र शालेय पुस्तकांनी आपल्या मनावर कोरून ठेवले आहे. परंतु इंग्लंडपाठोपाठ युरोपच्या मुख्य भूमीवर ही क्रांती सर्वप्रथम कोठे रुजली, असे विचारले तर पुष्कळ जण फ्रान्स किंवा जर्मनीचे नाव घेतील. प्रत्यक्षात तो मान बेल्जियम नावाच्या चिमुकल्या देशाकडे जातो. सुमारे ३०,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा देश म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जेमतेम दहावा हिस्सा. स्वतंत्र राष्ट्र म्हणून त्याचा जन्म झाला तोही १८३० साली.

आम्हां भारतीय ख्रिस्ती लोकांना बेल्जियम अगदीच परका नाही. छोटा नागपूरच्या आदिवासींसाठी झिजलेले फादर कॉन्स्टंट लिव्हेन्स बेल्जियमचे. रांचीला राहून हिंदीचा थोर शब्दकोश सिद्ध करणारे, रामकथेचे गाढे अभ्यासक फादर कामिल बुल्के हेही बेल्जियमचेच. बुल्के मूळचे लूव्हेन विद्यापीठात शिकलेले स्थापत्य अभियंता होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. अभियंते आणि धर्मगुरू या दोहोंची एवढी मोठी संख्या ज्या भूमीने जगाला पुरवली, त्या भूमीत यंत्र आणि धर्म यांची गाठ कशी पडली, हे पाहण्यासारखे आहे. त्या भेटीत देशाने काय कमावले आणि ख्रिस्तसभेने काय गमावले, याचा हिशेब आजही आपल्या उपयोगी पडणारा आहे.

भूमी आणि जुनी कसबे

बेल्जियमच्या दक्षिण भागातून सांब्र आणि म्यूज या दोन नद्या वाहतात. त्यांच्या काठाने मों, शार्लरवा आणि लिएज या नगरांच्या परिसरात दगडी कोळशाचा लांबच लांब पट्टा पसरलेला आहे. मध्ययुगापासून तेथील लोक कोळसा खणत आले होते. लिएजचे कारागीर बंदुका घडवण्यात वाकबगार होते. व्हर्व्हिए गावात लोकर पिंजली, कातली व विणली जाई. उत्तरेकडील फ्लँडर्समध्ये घरोघरी जवसाच्या धाग्याचे लिनन कापड विणले जाई. म्हणजे यंत्र येण्यापूर्वीच हाताला कसब होते, पायाखाली इंधन होते आणि माल वाहून नेण्यास नद्या होत्या.

अडचण पाण्याची होती. खाण जितकी खोल जाई, तितके पाणी आत साचे. घोड्यांच्या रहाटाने ते उपसणे आवाक्याबाहेर गेले. तेव्हा सुमारे १७२० साली लिएजजवळ न्यूकोमेनच्या पद्धतीचे वाफेचे इंजिन उभारण्यात आले. युरोपच्या मुख्य भूमीवरील अशा प्रकारच्या अगदी आरंभीच्या इंजिनांत त्याची गणना होते. त्याची रचना ओबडधोबड होती. मोठ्या नळकांड्यात वाफ भरायची, मग थंड पाण्याचा फवारा मारून तिचे पाणी करायचे. आत पोकळी निर्माण झाली की बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येई आणि तुळईच्या दुसऱ्या टोकाला जोडलेला पंप खाणीतले पाणी वर ओढी. इंजिनाला कोळसा भरमसाट लागे. परंतु ते कोळशाच्या तोंडाशीच उभे असल्याने त्याची फिकीर कोणी केली नाही.

मठांच्या भिंतींआड

१७९५ साली फ्रेंच क्रांतिकारकांनी हा प्रदेश फ्रान्सला जोडून घेतला. पुढच्याच वर्षी मठ बरखास्त करण्याचा हुकूम निघाला. शतकानुशतके उभे असलेले मठ, त्यांच्या बागा, कोठारे आणि जमिनी सरकारजमा होऊन लिलावात निघाल्या. घेणारे बहुतेक व्यापारी होते. त्यांना भक्कम भिंती, मोठी दालने आणि वाहते पाणी अशी तयार जागा स्वस्तात हवी होती. ती मठांच्या रूपाने मिळाली.

गेंट शहरातील लिव्हेन बाऊवेन्स हा त्यांतलाच एक. चामड्याच्या व्यवसायातला हा तरुण इंग्लंडला येऊन-जाऊन असे. त्या काळी इंग्लंडमधून यंत्रे बाहेर नेणे आणि कुशल कारागिरांनी परदेशी जाणे हे दोन्ही गुन्हे होते. कारागिरांवरील बंदी १८२४ साली उठली, यंत्रांवरील तर थेट १८४३ साली. बाऊवेन्सने सूतकताईचे यंत्र सुटे करून त्याचे भाग व्यापारी मालात दडवून पळवले आणि सोबत काही इंग्रज कारागीरही फोडून आणले. गेंटमधील कार्थुसियन संन्याशांच्या रिकाम्या मठात त्याने ती यंत्रे उभी केली. जेथे मौनव्रती संन्यासी राहत, तेथे चात्यांचा खडखडाट सुरू झाला. गेंट पुढे कापसाच्या गिरण्यांचे मोठे शहर झाले, त्याचा प्रारंभ हा असा.

त्याच सुमारास, १७९९ साली, विल्यम कॉकरिल नावाचा इंग्रज कारागीर व्हर्व्हिए येथे दाखल झाला आणि तेथील लोकर व्यापाऱ्यांसाठी कताईची यंत्रे बनवू लागला. पुढे त्याचा पुत्र जॉन याने वडिलांवरही ताण केली. लिएजवर पूर्वी राज्य करणाऱ्या महागुरूंचा उन्हाळी वाडा म्यूजच्या काठी सरें या गावी होता. नेपोलियनच्या पाडावानंतर हा प्रदेश हॉलंडच्या राजाकडे आला होता. त्या राजाकडून १८१७ साली कॉकरिल बंधूंनी हा वाडा विकत घेतला आणि त्याच्या आवारात यंत्रांचा कारखाना थाटला. जवळच सिस्टर्शियन संन्याशांचा व्हाल-सें-लांबेर हा मठ होता. तेथे १८२६ साली स्फटिक-काचेचा कारखाना सुरू झाला आणि त्या काचेने जगभर नाव कमावले.

सरें येथील कारखान्याची मांडणी त्या काळी अपूर्व होती. जवळच्याच खाणीतून कोळसा निघे. तो बंद भट्टीत भाजून त्याचा कोक होई. त्या कोकवर झोतभट्टीत खनिजापासून लोखंड गाळले जाई. ते लोखंड ओतशाळेत व लोहारशाळेत जाई आणि अखेरीस त्याचेच इंजिन होऊन फाटकातून बाहेर पडे. दगडापासून इंजिनापर्यंतचा सारा प्रवास एका मालकाच्या हाताखाली होत होता. देशोदेशीचे अभियंते तो पाहण्यासाठी सरेंची वाट धरीत. जॉन कॉकरिलने मात्र पेलवेल त्याहून अधिक पसारा मांडला. १८३९ साली त्याचे दिवाळे निघाले आणि १८४० साली, नवे भांडवल व नवी कामे शोधत फिरत असताना, वॉर्सा येथे त्याला मृत्यूने गाठले. कारखाना मात्र त्याच्या नावाने तगून राहिला.

रूळ, वीज आणि सोडा

१८३० साली बेल्जियम हॉलंडपासून विभक्त झाला तेव्हा त्याच्यापुढे एक पेच उभा राहिला. अँटवर्प हे त्याचे मोठे बंदर. परंतु स्केल्ड नदीचे मुख डच लोकांच्या ताब्यात होते आणि ऱ्हाइन नदीकडे जाणारे जलमार्गही त्यांच्याच भूमीतून जात. पाण्याची वाट दुसऱ्याच्या हाती राहिली तर व्यापार गुदमरणार. तेव्हा या नवजात राष्ट्राने जमिनीवर लोखंडी वाट बांधायचे ठरवले. हे काम त्याने खासगी कंपन्यांच्या मर्जीवर सोडले नाही. १८३४ साली कायदा करून सरकारनेच ते अंगावर घेतले. ५ मे १८३५ रोजी ब्रसेल्स ते मेखेलेन अशी पहिली आगगाडी धावली. युरोपच्या मुख्य भूमीवर वाफेच्या इंजिनाने उतारूंची ने-आण करणारा हा पहिला सार्वजनिक लोहमार्ग मानला जातो. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे अठरा वर्षांनी. पहिली इंजिने इंग्लंडहून आली होती; पण त्याच वर्षअखेरीस सरेंच्या कारखान्यातून ‘बेल्ज’ नावाचे पहिले देशी इंजिन बाहेर पडले. १८४३ पर्यंत हे रूळ अँटवर्पहून जर्मनीतील कोलोनला जाऊन भिडले आणि डच नाकेबंदीचा धाक संपला.

शोधकही या मातीत निपजले. झेनोब ग्राम हा सुतारकाम करणारा माणूस. पॅरिसला जाऊन तो विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात साचे बनवू लागला आणि १८७१ साली सलग वीज देणारा डायनॅमो त्याने तेथील विज्ञान अकादमीपुढे मांडला. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात असे आढळले की, त्याच यंत्राला बाहेरून वीज पुरवली तर ते उलट फिरून काम करू लागते. कारखान्यांना विजेवर चालणारी मोटर मिळाली ती अशी. आजारपणामुळे विद्यापीठात जाऊ न शकलेला अर्नेस्ट सॉल्व्हे आपल्या काकांच्या गॅस कारखान्यात काम करीत होता. तेथील अमोनिया, घरच्या व्यवसायातले मीठ आणि चुनखडी यांच्या साह्याने धुण्याचा सोडा तयार करण्याची रीत त्याने १८६१ साली शोधली. काच आणि साबण यांना लागणारा हा सोडा स्वस्त झाला. गेंटमधील एका चांभाराचा मुलगा, लिओ बेकलँड, शिष्यवृत्तीवर शिकून अमेरिकेला गेला आणि १९०७ साली त्याने बेकलाइट हे पहिले पूर्णतः कृत्रिम प्लास्टिक बनवले. विजेच्या जुन्या काळ्या बटणांच्या रूपाने ते आपल्याही घरात येऊन गेले आहे.

नाण्याची दुसरी बाजू

येथवरची कथा अभिमानाची आहे. मात्र ज्यांच्या श्रमावर हे वैभव उभे राहिले, त्यांच्याकडे पाहिले की मान खाली जाते.

यंत्राचे सूत स्वस्त झाले आणि फ्लँडर्समधील घरगुती लिनन विणकरांचा घास गेला. त्यातच १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. दुष्काळ आणि साथींनी गावेच्या गावे खंगली. उपासमारीला कंटाळलेले फ्लेमिश शेतकरी व विणकर दक्षिणेकडील खाणींची वाट चालू लागले. खाणींत पुरुषांबरोबर स्त्रिया आणि मुले राबत. कोळशाने भरलेल्या वाघिणी अरुंद बोगद्यांतून ढकलण्याचे काम मुलींकडे असे. बारा-बारा तासांचा दिवस नित्याचा होता. कित्येक ठिकाणी मजुरी रोख न देता मालकाच्याच दुकानातील मालाच्या रूपाने दिली जाई. मतदानाचा हक्क ठरावीक कर भरणाऱ्यांपुरताच असल्याने संसदेत या लोकांचे गाऱ्हाणे मांडणारे कोणी नव्हते.

मार्च १८८६ मध्ये असंतोषाचा स्फोट झाला. लिएजला सुरू झालेला संप शार्लरवापर्यंत पसरला. त्या भागात काच फुंकणाऱ्या कारागिरांचे हस्तकौशल्य नव्या प्रकारच्या भट्टीमुळे निरुपयोगी ठरू लागले होते. संतप्त जमावाने जुमे येथील काच कारखाना आणि मालकाचा वाडा पेटवून दिला. सैन्याने गोळीबार केला. अनेक कामगार ठार झाले.

त्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. १८८७ साली मजुरी रोखीतच देण्याचा कायदा झाला. १८८९ साली बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत व खाणींत कामाला लावण्यास बंदी झाली आणि एकवीस वर्षांखालील मुलींना यापुढे खाणीत उतरवू नये, असे ठरले. येथे थोडे थांबून वर्षे मोजावीत. विल्यम कॉकरिल व्हर्व्हिएला आला १७९९ साली आणि मुलांना संरक्षण मिळाले १८८९ साली. यंत्र पोहोचल्यानंतर न्याय पोहोचायला नव्वद वर्षे लागली. तेवढ्या काळात माणसांच्या तीन पिढ्या खपल्या.

ख्रिस्तसभा कोठे होती?

हा प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८८४ पासून देशाचा कारभार कॅथलिक पक्षाच्या हाती होता. मालकांपैकी पुष्कळ जण रविवारी नियमाने मिस्साला येत आणि दानधर्मही करीत. मात्र मजुरी, कामाचे तास आणि मुलांचे बालपण हे न्यायाचे विषय आहेत, केवळ दयेचे नव्हेत, ही जाणीव थोड्यांनाच होती. दानाची टोपली घेऊन आपण कामगाराच्या दारी गेलो, तेव्हा तो आपला हक्क मागत उभा होता. त्यामुळे तो हळूहळू दुरावला. क्रांतिकारकांनी आपले मठ हिरावून घेतले याचे दुःख त्या काळच्या धर्मजनांना फार झाले. परंतु त्याच मठांच्या भिंतींआड राबणारी माणसे आपल्या हातून निसटत आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात आले नाही.

ज्यांच्या लक्षात आले त्यांनी मात्र मागे पाहिले नाही. लिएज येथे १८८६, १८८७ आणि १८९० साली कॅथलिकांच्या सामाजिक परिषदा भरल्या. तेथील सेमिनरीतील प्राध्यापक फादर आंत्वान पोतिए यांनी न्याय्य मजुरीचा आग्रह धरला. १८९० साली फादर मेलार्ट्स यांनी दोन सहकाऱ्यांसह शेतकऱ्यांचा ‘बोरेनबोंड’ हा संघ स्थापन केला आणि त्यातून खेडोपाडी सहकारी पतपेढ्या उभ्या राहिल्या. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले आणि कामगाराचा हक्क हा श्रद्धेचाही विषय आहे, हे अधिकृतपणे जगापुढे आले.

ते आचरणात आणणे मात्र सोपे नव्हते. आल्स्ट या गिरणीनगरातील फादर आडॉल्फ डान्स गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले आणि १८९४ साली संसदेत निवडून गेले. कॅथलिक पक्षाच्या धुरीणांना हे रुचले नाही. कॅथलिकांची एकजूट फुटते, असा आरोप त्यांच्यावर झाला आणि अखेरीस वरिष्ठांनी त्यांना मिस्सा अर्पण करण्यासही मनाई केली. १९०७ साली हा धर्मगुरू वारला. पुढे त्याच्याच देशाने त्याला कामगारांचा कैवारी म्हणून गौरवले आणि १९९२ साली त्याच्या जीवनावर निघालेला चित्रपट जगभर गाजला.

दुसरे नाव जोसेफ कार्डाइन यांचे. सामान्य श्रमिक कुटुंबातील हा मुलगा सेमिनरीत दाखल झाला. सुटीत घरी आल्यावर त्याला दिसले की, आपल्याबरोबर शाळेत असलेले मित्र कारखान्यात जाऊ लागले आहेत आणि आपल्याशी पूर्वीसारखे बोलत नाहीत. १९०३ साली वडील वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युशय्येपाशी त्याने श्रमिकांसाठी आयुष्य वेचण्याची शपथ घेतली. १९१२ साली ब्रसेल्सनजीकच्या लाकेन धर्मग्रामात सहायक धर्मगुरू म्हणून काम करताना त्यांनी तरुण कामगार मुली-मुलांची छोटी मंडळे बांधली. त्यांतून १९२५ साली ‘तरुण ख्रिस्ती कामगार’ ही चळवळ उभी राहिली. पाहा, पारखा आणि कृती करा ही त्यांची तीन पायऱ्यांची रीत होती. त्या रीतीचा पुरस्कार पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ सालच्या आपल्या परिपत्रकात केला. १९६५ साली कार्डाइन कार्डिनल झाले. ही चळवळ आपल्या भारतातही आली, हे आमच्या जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल.

वैभवाची किंमत

पहिल्या महायुद्धापूर्वी बेल्जियमच्या खाणींतून वर्षाला दोन कोटी टनांहून अधिक कोळसा निघे. बेल्जियन कंपन्यांनी परदेशांत ट्रामगाड्या आणि चीनमध्ये बीजिंग-हान्कौ हा लोहमार्ग बांधला. या वैभवाला एक काळी किनार होती. १८८५ ते १९०८ या काळात राजा दुसरा लिओपोल्ड याने आफ्रिकेतील काँगो हा आपला खासगी मुलूख म्हणून राबवला. रबराचा ठरलेला वाटा न देणाऱ्या गावांवर अनन्वित अत्याचार झाले. तेथील कारभारावर कठोर टीका करणारा ग्रंथ १९०६ साली एका बेल्जियन येशूसंघीयानेच, फादर आर्थर व्हर्मीर्श यांनी लिहिला, एवढाच त्यातला दिलासा.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जियन तरुण खाणीत उतरायला तयार होईनात. तेव्हा १९४६ साली इटलीशी करार झाला. इटलीने ५०,००० मजूर पाठवायचे आणि बेल्जियमने त्या बदल्यात कोळसा द्यायचा. दक्षिण इटलीतून आलेल्या या कुटुंबांना युद्धकैद्यांच्या जुन्या बराकींत राहावे लागले.

८ ऑगस्ट १९५६ रोजी सकाळी शार्लरवाजवळ मार्सिनेल येथील ब्वा द्यु काझिए खाणीत, ९७५ मीटर खोलीवर, एक वाघीण पिंजऱ्यात नीट बसली नाही. ती अर्धवट बाहेर राहिली. वर आणि खाली यांच्यातील इशाऱ्यांत घोटाळा झाला आणि पिंजरा वर सुटला. बाहेर आलेल्या वाघिणीच्या धडकेने तेलाची नळी, विजेच्या तारा आणि दाबाच्या हवेची नळी तुटली. तेलाने पेट घेतला आणि हवा आत नेणाऱ्या विवरातूनच विषारी धूर साऱ्या बोगद्यांत शिरला. नातेवाईक दोन आठवडे फाटकाशी उभे होते. खालून परतलेल्या बचाव पथकाने अखेर सांगितले की, आत कोणीही जिवंत उरलेले नाही. २६२ माणसे गेली. त्यांत १३६ इटालियन होते आणि ९५ बेल्जियन. एकूण बारा राष्ट्रांचे लोक होते. त्यानंतर खाणींच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले. मात्र एक वाघीण, एक चुकीचा इशारा आणि एकमेकींशेजारून नेलेल्या तारा व तेलनळ्या यांचा धोका कोणालाच कधी दिसला नसेल, असे मानणे कठीण आहे.

विझलेल्या भट्ट्या

कोळशाचे युग संपत आले होते. दक्षिणेतील शेवटची खाण १९८४ साली आणि उत्तरेतील झोल्डर येथील शेवटची खाण १९९२ साली बंद झाली. सरेंचा पोलाद कारखाना विलीनीकरणांच्या मालिकेतून जात २००६ साली राजस्थानात जन्मलेल्या लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाकडे आला. २००८ साली सरेंची झोतभट्टी थंडावली आणि २०११ साली शेजारच्या उग्रे येथील अखेरची. ज्या कारखान्याचा आरंभ एका इंग्रज कारागिराच्या कुटुंबाने केला, त्याच्या भट्ट्या विझल्या तेव्हा मालकी भारतीय वंशाच्या उद्योजकाकडे होती.

देश मात्र थांबला नाही. औषधनिर्मितीत डॉ. पॉल यान्सन यांनी १९५३ साली पाया घातलेला उद्योग जगभर पोहोचला. लूव्हेन येथे १९८४ साली स्थापन झालेली ‘आयमेक’ ही संस्था सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्सच्या संशोधनात अग्रगण्य मानली जाते. ही नवी तंत्रे प्रामुख्याने उत्तरेत रुजली. दक्षिणेतील जुन्या खाणगावांत बेकारी दीर्घकाळ ठाण मांडून राहिली. एकेकाळी उपाशी फ्लेमिश माणूस दक्षिणेकडे पोट भरायला जाई. आता काळाचे चक्र उलटे फिरले आहे.

या साऱ्या इतिहासातून आम्ही यंत्राविरुद्ध काही सिद्ध करू इच्छित नाही. यंत्राने माणसाच्या पाठीवरचे ओझे कमी केले, अंधारात दिवा लावला, औषध स्वस्त केले. बेल्जियमने दाखवून दिले की, देश लहान असला तरी कसब, शिक्षण आणि दूरदृष्टीचे शासन यांच्या बळावर तो मोठे काम करू शकतो. पण त्याच देशाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. नवे तंत्र दारात येते तेव्हा त्याचा नफा मोजणारे पहिल्याच दिवशी हजर असतात. त्याची झळ सोसणाऱ्यांची चौकशी करणारे मात्र उशिरा पोहोचतात.

ब्वा द्यु काझिएची खाण आता स्मारक झाली आहे. २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारशात तिची नोंद केली. दर ८ ऑगस्टला तेथे मृतांच्या नावे घंटेचे २६२ टोल दिले जातात. आपल्या धर्मग्रामांतूनही पहाटे डबा घेऊन कामावर जाणारे तरुण आहेत. कोणी कंत्राटावर आहे, कोणी रात्रपाळीला, कोणाचे काम उद्या नवे यंत्र करणार आहे. त्यांच्या कामाची वेळ काय, मजुरी काय, सुरक्षितता किती, हे आपल्या किती मंडळांना आणि किती धर्मगुरूंना ठाऊक आहे? फादर कार्डाइन यांच्या रीतीतील पहिली पायरी पाहण्याची होती. तिला पैसा लागत नाही आणि वरिष्ठांची परवानगीही लागत नाही. तेथून आरंभ करायला काय हरकत आहे?